मतपेटीआधीची मतदारयादी
न्यू कॅलेडोनियाचा पेच आणि गोव्याचा दाखला

फ्रान्सपासून सुमारे १७ हजार किलोमीटर अंतरावर, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस पॅसिफिक महासागरात वसलेल्या न्यू कॅलेडोनिया या द्वीपसमूहात मे २०२४ मध्ये दंगलींचा वणवा पेटला. राजधानी नूमेआमधील दुकाने, कारखाने आणि शाळा जळाल्या, आणीबाणी पुकारावी लागली, फ्रान्सहून जादा सुरक्षा दले धाडली गेली आणि त्या हिंसाचारात पुढील काही महिन्यांत १४ जणांचे बळी गेले. या उद्रेकाचे कारण महागाई नव्हते, करवाढ नव्हती किंवा एखाद्या नेत्याची अटकही नव्हती. पॅरिसच्या संसदेत मांडले गेलेले, प्रांतिक निवडणुकांच्या मतदारयादीविषयीचे एक घटनादुरुस्ती विधेयक एवढेच त्याचे निमित्त होते. एका यादीपायी एवढा अनर्थ का व्हावा, हा प्रश्न वरकरणी दूरदेशीचा वाटतो. परंतु सागरापारच्या सत्तेखाली साडेचारशे वर्षे राहिलेला गोवा आपल्या शेजारी आहे आणि त्या सत्तेची एके काळची सीमा खुद्द भाईंदरच्या खाडीपर्यंत पोहोचलेली होती. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही.

प्रथम या द्वीपसमूहाची स्थिती पाहू. साधारण साडेअठरा हजार चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा, म्हणजे गोव्याच्या पाचपट आकाराचा हा प्रदेश. लोकसंख्या मात्र २०१९ च्या जनगणनेनुसार अवघी २ लाख ७१ हजार. जमिनीत निकेलचे प्रचंड साठे आहेत. फ्रान्सने १८५३ मध्ये तो ताब्यात घेतला, १८६४ पासून तेथे जन्मठेपेचे कैदी पाठविले आणि मूळच्या कनाक लोकांना राखीव वस्त्यांत कोंबून सुपीक जमिनी वसाहतकऱ्यांना दिल्या. पुढे निकेलच्या तेजीने बाहेरच्यांचा ओघ आणखी वाढला. १९७२ मध्ये फ्रान्सचे पंतप्रधान पिअर मेस्मेर यांनी तर एका पत्रात, फ्रेंच नागरिकांचे मोठ्या प्रमाणावर स्थलांतर घडवून आणले तरच स्थानिकांच्या राष्ट्रवादी मागणीला शह बसेल, असे स्पष्टच लिहून ठेवले. कनाकांची संख्या आज निम्म्याहून कमी, सुमारे ४१ टक्के आहे. मतदारयादी हा तेथे कारकुनी कामाचा विषय का राहिलेला नाही, ते यावरून ध्यानात यावे.

राज्यव्यवस्थाही गुंतागुंतीची आहे. दक्षिण, उत्तर आणि लॉयल्टी बेटे असे तीन प्रांत, त्यांच्या प्रतिनिधींतून बनलेले ५४ सदस्यांचे विधिमंडळ, पक्षांच्या बळानुसार सर्वांना वाटा देणारे सामुदायिक मंत्रिमंडळ आणि रूढी-परंपरांच्या प्रश्नांवर सल्ला देणारी १६ कनाक सदस्यांची सभा. संरक्षण, चलन आणि न्याय मात्र पॅरिसकडे. त्याचा प्रतिनिधी म्हणून उच्चायुक्त नूमेआत बसतो. ही रचना १९८० च्या दशकातील रक्तपातानंतर झालेल्या १९८८ च्या मातिन्यों करारातून आणि १९९८ च्या नूमेआ करारातून आकाराला आली. नूमेआ कराराचा कणा म्हणजे ‘गोठविलेली’ मतदारयादी: प्रांतिक निवडणुकांत मतदान करण्याचा हक्क ढोबळमानाने १९९८ पर्यंत तेथे स्थायिक झालेल्यांना आणि त्यांच्या संततीला. परिणामी २०२३ पर्यंत दर पाच नोंदणीकृत मतदारांपैकी जवळपास एक जण या मतदानाबाहेर राहिला. त्यांना सामावून घ्यावे, हा फ्रेंच सरकारचा युक्तिवाद लोकशाहीच्या निकषावर चुकीचा म्हणता येणार नाही. पण आपल्याच भूमीत आपण कायमचे अल्पमतात जाऊ, ही कनाकांची भीतीही निराधार नाही. पेच दोन न्याय्य बाजूंमधला आहे आणि म्हणूनच तो अवघड आहे.

खाडीकाठचा जुना ‘उत्तर प्रांत’

आता जेसल पार्कच्या खाडीकिनाऱ्याकडे वळू. विसर्जनासाठी आणि संध्याकाळच्या फेरफटक्यासाठी भाईंदरकरांना परिचित असलेला हा काठ म्हणजे साष्टी बेटाचे उत्तर टोक. समोर पाणजू बेट आणि पलीकडे वसई. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तह करून वसई आणि तिच्या ताब्यातील बेटे पोर्तुगिजांना दिली. मुंबई आणि साष्टी ही बेटे त्यातलीच. येथील कोळी, आगरी, भंडारी रयतेला त्या तहाची वार्ता बहुधा नव्या सारावसुलीबरोबरच कळली असावी. पुढील दोनशे वर्षे हा मुलूख लिस्बनचा ‘उत्तर प्रांत’ म्हणून ओळखला गेला. वसई हे त्याचे मुख्य ठाणे आणि गोव्याचा व्हाइसरॉय त्याचा वरिष्ठ.

या प्रदेशाचे हस्तांतर पुढे किती वेळा झाले, ते पाहण्यासारखे आहे. १६६१ च्या विवाहकराराने मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण गेले. साष्टीही त्याच आंदणात मोडते, असा इंग्रजांचा दावा होता. तो पोर्तुगिजांनी मानला नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी धारावी बेटाचा किल्ला आणि त्यापाठोपाठ वसई जिंकून उत्तर प्रांत संपुष्टात आणला. १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी बळकावली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. मराठी मनाला वसईचा विजय अभिमानाचा आहे आणि तो सार्थही आहे. तरीही तह, आंदण, स्वारी आणि पुन्हा तह या चारही प्रसंगी येथील लोकांना ‘तुम्हांला काय हवे’ असे विचारण्याची पद्धत त्या काळी नव्हती, हे नोंदवावेच लागते.

लोकांनी स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा एक लक्षणीय प्रयत्न येथे झाला तो १८८७ मध्ये. मुंबई-साष्टी-वसईचे मूळ ख्रिस्ती रहिवासी आणि नोकरी-धंद्यासाठी आलेले गोमंतकीय ख्रिस्ती यांत सरकारदरबारी गल्लत होऊ लागली, तेव्हा स्थानिकांनी राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. मूळचा कोण आणि मागाहून आलेला कोण, हा नूमेआतला प्रश्न भाईंदर-उत्तनच्या परिसराला असा जुनाच आहे.

नाव बदलले, सत्ता तीच

उत्तर प्रांत गेला तरी गोवा, दमण आणि दीव पोर्तुगालकडेच राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहती ठेवणे हे लाजिरवाणे ठरू लागताच सालाझार राजवटीने एक शाब्दिक तोड काढली. १९५१ च्या घटनादुरुस्तीने ‘वसाहत’ हा शब्द गाळून ‘सागरापारचा प्रांत’ ही संज्ञा आणली. गोवा हा पोर्तुगालचाच भाग, मग वसाहत कसली, असा हा पवित्रा. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाल्यावर पोर्तुगालने, आपल्याकडे परतंत्र प्रदेशच नाहीत, असे उत्तर दिले. अखेर १५ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने ठराव क्रमांक १५४२ संमत करून अंगोला, मोझांबिक आदींसह गोव्यालाही स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांत गणले. लिस्बनच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी बसत होते हे खरे. पण जेथे वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, सभाबंदी होती आणि मडगावात १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांना भाषण करू न देता पकडण्यात आले, तेथे त्या प्रतिनिधित्वाला कितपत अर्थ होता?

१९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेनेने गोवा मुक्त केला. शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा लिस्बनचा हुकूम असतानाही गव्हर्नर जनरल वासालू ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करून गोमंतकाला मोठ्या विध्वंसातून वाचविले. परंतु ‘पुढे काय’ हा प्रश्न शिल्लकच होता. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रात विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला ३० पैकी १६ जागा मिळाल्या आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विलीनीकरणवाद्यांच्या मते कौल मिळालेला होता. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचे म्हणणे वेगळे होते: सरकार निवडणे आणि भवितव्य ठरविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

संसदेने १९६६ च्या अखेरीस कायदा करून जनमत कौलाचा मार्ग स्वीकारला. त्या वेळीही वादाचा पहिला मुद्दा होता तो मतदार कोण, हाच. मुंबईत आणि अन्यत्र राहणाऱ्या हजारो गोमंतकीयांना मत द्यावे, अशी मागणी सिक्वेरा यांच्या बाजूने झाली. ती मान्य झाली नाही. प्रदेशाच्या मतदारयादीत नाव असलेल्यांनीच कौल द्यायचा, असे ठरले. दुसरीकडे, सत्तेचा प्रभाव पडू नये म्हणून बांदोडकरांच्या सरकारने राजीनामा दिला. म्हणजे दोन्ही बाजूंना काहीतरी सोडावे लागले आणि दोन्ही बाजू मैदानात राहिल्या. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, वेगळेपणाचे दोन पाने. संघप्रदेशाच्या बाजूने १ लाख ७२ हजार १९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १ लाख ३८ हजार १७० मते पडली. फरक ३४ हजार २१ मतांचा.

महाराष्ट्रात अनेकांना हा निकाल जिव्हारी लागला. मराठीत शिकणारा, मराठी देवस्थानांना भजणारा गोवा आपल्यापासून दूर कसा राहू शकतो, असे विचारले गेले. याचे उत्तर मराठीतच उपलब्ध होते. मडगावहून निघणाऱ्या ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकाने विलीनीकरणाविरुद्ध निकराची मोहीम चालविली होती, तर ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने उभा होता. भाषेवरचे प्रेम आणि राजकीय निवड यांचे समीकरण आपण समजतो तितके सरळ नसते, हा त्याचा अर्थ. त्याहून बोलके आहे ते पुढे घडले ते. अवघ्या दोन महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच गोमंतकीयांनी बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्ता दिली. हरलेल्या बाजूने निकाल मानला आणि जिंकलेल्या बाजूने हरलेल्यांना वाळीत टाकले नाही. १९८७ मध्ये गोवा घटक राज्य झाले, त्याची पायाभरणी येथे होती.

९६ टक्के आणि तरीही अपुरे

या पार्श्वभूमीवर न्यू कॅलेडोनियाच्या तीन सार्वमतांकडे पाहावे. २०१८ मध्ये स्वातंत्र्याविरुद्ध ५६.७ टक्के, २०२० मध्ये ५३.३ टक्के मते पडली. दोन्ही वेळी मतदान भरघोस होते आणि दोन्ही निकाल मानले गेले. तिसरे सार्वमत डिसेंबर २०२१ मध्ये झाले. करोनाच्या मृत्यूंमुळे समाज शोकात आहे, तारीख पुढे ढकला, ही कनाक नेत्यांची विनंती पॅरिसने धुडकावली. त्यांनी बहिष्कार घातला. मतदान ४४ टक्क्यांखाली घसरले आणि स्वातंत्र्याविरुद्ध ९६.५ टक्के कौल नोंदला गेला. आकडा जितका मोठा, तितका तो पोकळ. प्रश्न सुटला असे पॅरिसने गृहीत धरले, मतदारयादी खुली करण्याचे पाऊल एकतर्फी उचलले आणि २०२४ चा वणवा पेटला. जुलै २०२५ मध्ये बूजिव्हाल येथे नवा करार झाला. ‘न्यू कॅलेडोनिया राज्य’ ही संकल्पना पुढे आली. पण महिनाभरातच स्वातंत्र्यवाद्यांच्या प्रमुख आघाडीने तो नाकारला.

याउलट उदाहरण न्यूझीलंडच्या ताब्यातील टोकेलाऊ या, जेमतेम दीड हजार वस्तीच्या तीन प्रवाळद्वीपांचे. तेथे २००६ आणि २००७ मध्ये स्वशासनाच्या बाजूने अनुक्रमे सुमारे ६० आणि ६४ टक्के मते पडली. दोन तृतीयांशांची अट आधीच ठरलेली असल्याने बहुमत असूनही प्रस्ताव बारगळला आणि कोणी दगड उचलला नाही. लहानशा एकजिनसी समाजाची तुलना वसाहतकऱ्यांनी बदललेल्या समाजाशी सरसकट करता येत नाही, हे मान्य. गोव्यातही स्थायिक पोर्तुगीज मूठभरच होते आणि १९६७ मध्ये स्वातंत्र्य हा पर्यायच मतपत्रिकेवर नव्हता. तरी एक सूत्र तिन्हीकडे दिसते: कौलाची किंमत टक्केवारीत नसते, मतदान कोणी, कधी आणि कोणत्या अटीवर करायचे, हे दोन्ही बाजूंनी आधी मान्य केले होते की नाही, यात असते.

संयुक्त राष्ट्रांच्या यादीत आजही १७ परतंत्र प्रदेश आहेत आणि त्यांतील सहा पॅसिफिकमध्ये आहेत. अमेरिकेच्या ताब्यातील ग्वामचे रहिवासी अमेरिकी नागरिक असूनही तेथे राहून अध्यक्षपदासाठी मत देऊ शकत नाहीत. ‘तुम्ही आमचेच’ असे म्हणायचे आणि निर्णयाच्या वेळी बाहेर ठेवायचे, ही सागरापारच्या सत्तांची जुनी रीत आहे.

ती रीत फक्त साम्राज्यांपुरती मर्यादित आहे, असे मात्र समजू नये. ज्या मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ मधील सुमारे ५ लाख २० हजारांवरून २०११ मध्ये ८ लाखांपलीकडे गेली, तेथे ऑगस्ट २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होता. वसाहतीशी त्याची तुलना करणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु निवडणूक लांबली तरी चालते, ही सवय कोणत्याही समाजाला घातकच. मूळ गावठाणातले आणि मागाहून आलेल्या इमारतींतले अशा सर्वांची नावे एकाच यादीत असणे आणि त्या यादीला ठरल्या वेळी मतपेटीपर्यंत पोहोचता येणे, ही साधी वाटणारी गोष्ट या खाडीकाठाला अनेक तह आणि लढायांनंतर मिळालेली आहे. नूमेआतील दोन्ही पक्षांना ती अद्याप मिळवायची आहे. तेथील यादी पॅरिसमध्ये नव्हे, तर बेटावरच्या दोन्ही समाजांनी एकत्र बसून ठरविली, तरच पुढचा कौल टिकेल.