औषध एकटीनं घेऊन भागत नाही

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक आटोपली. हप्ते जमा झाले, चहा झाला, बायका चपला शोधू लागल्या. एक जण मात्र भिंतीला टेकून बसूनच राहिली. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, अंगावरून पुन्हा जायला लागलंय. तिसऱ्यांदा गोळ्या घेतल्या. या डॉक्टरांचा गुण येत नाही, दुसरे सांगा."

मी विचारलं, "मालकांनी घेतल्या का गोळ्या?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "त्यांना काय झालंय?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न मी आजवर कितीतरी जणींच्या तोंडून ऐकलाय. पांढरं जाणं म्हणजे दर वेळी आजारच असतो असं नाही. पाळीच्या मध्यावर, गरोदरपणात थोडं जातंच. दह्यासारखं जाणं आणि खाज ही बहुधा बुरशी असते, मधुमेहातही ती होते. तेवढ्यावरून नवऱ्यावर संशय नको. पण पिवळं-हिरवं, फेसाळ, घाण वासाचं जात असेल, जागेवर फोड किंवा जखम असेल, ओटीपोटात दुखत असेल, संबंधानंतर रक्त जात असेल, तर तपासून घ्यायलाच हवं. साबण-डेटॉलनं आतून धुणं हा उपाय नव्हे, त्यानं त्रास वाढतो. एस.टी. स्टँडजवळच्या भिंतींवर रंगवलेले 'गुप्तरोगावर खात्रीचा इलाज'वाले तर विचारूच नका!

खरी अडचण अशी, की परमा किंवा क्लॅमिडिया झालेल्या बऱ्याच बायकांना काहीच जाणवत नाही. पुरुषही धडधाकट दिसतो आणि त्याच्याकडून जंतू येत राहतात. तोवर आत गर्भनलिका बंद होऊ शकतात. मग मूल होत नाही म्हणून नावं कुणाला ठेवतात, ते मी सांगायला हवं का? गरमीचा रोग तर आईकडून पोटातल्या बाळाला होतो, बाळ दगावूही शकतं. वेळेत कळलं तर पेनिसिलिननं तो बरा होतो. म्हणून गरोदरपणात गरमी आणि एचआयव्हीसाठी रक्त तपासायला सांगतात, तेव्हा 'आम्ही चांगल्या घरातल्या' म्हणून नाही म्हणू नका.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा गुप्तरोग निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बाकीच्या अंगावर काढत होत्या.

आणखी एक गैरसमज. "माझं ऑपरेशन झालंय, आता निरोध कशाला?" ऑपरेशननं, तांबीनं मूल थांबतं, जंतू थांबत नाहीत. निरोध आपल्याकडे कुटुंबनियोजनाच्या नावानंच आला, त्यामुळे पाळणा थांबला की तोही घरातून जातो.

जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तपासणी, औषधं मोफत, नाव गुप्त. आधी विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करा, पैसे पडत नाहीत. पण नवऱ्याला सांगायचं कसं? "तुझंच काहीतरी असेल" हे उत्तर ठरलेलं, काही घरांत हातही उचलला जातो. अशा वेळी एकटीनं सांगायला जाऊ नका, समुपदेशकांना मध्ये घ्या. काही जंतू अंगात महिनोन् महिने गुपचूप राहतात. कुणाकडून, कधी आले ते लक्षणांवरून ठरत नाही. म्हणून भांडण बाजूला ठेवून उपचार दोघांनी एकाच वेळी घ्यायचे आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस संबंध टाळायचे.

आमच्या गटातल्या त्या मैत्रिणीला विचारूनच हे लिहितेय. तिचे मालक आधी भडकले. चार दिवस बोलणं बंद होतं. मग एका सोमवारी दोघं गेले, मीही बरोबर होते. ते बराच वेळ दाराबाहेरच उभे होते. आत आल्यावर समुपदेशकताईंनी गोळ्या तिथंच घ्यायला सांगितल्या. त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते हेच, "गावात कुणाला कळणार नाही ना?"

तिनं काही उत्तर दिलं नाही. पाण्याचा ग्लास तेवढा पुढे केला.