वाडीच्या कुंपणातले सीमोल्लंघन

आज विजयादशमी. आपट्याची पाने देऊन आपण परस्परांचे शुभ चिंतितो आणि सीमोल्लंघनाचे स्मरण करतो. कोकणातील तरुणाचे सीमोल्लंघन आजवर एकच ठरलेले होते : समुद्र ओलांडून मुंबई गाठावयाची व नोकरी धरावयाची. अलिबागच्या दक्षिणेस, आक्षी व रेवदंडा यांच्यामध्ये वसलेल्या नागावचा तरुण मात्र गावातच राहून धंदा करू पाहतो. मुंबईचा प्रवासी त्याच्या दारी येतो. २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी वाहून नेणारी रो-रो बोटही सुरू झाली आहे. नारळी-पोफळीच्या वाडीत दोन खोल्या बांधाव्यात, पाहुण्यांस घरचे जेवण घालावे, असे त्याच्या मनात येणे स्वाभाविक होय.

मग पाऊल अडते कोठे? मुलांत धाडस नाही, असे आपण सहज म्हणून टाकतो. आम्हांस ते पटत नाही. भांडवलाची अडचण खरी. पण २०१५ च्या मुद्रा योजनेपासून छोट्या उद्योगास विनातारण कर्ज मिळू शकते. निसर्गाचे भयही खरे. ३ जून २०२० च्या चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील वाड्या आडव्या केल्या, आणि नवी पोफळ फळाला येण्यास वर्षे लागतात. परंतु केवळ बागेवर विसंबणे धोक्याचे, हा धडाही त्याच वादळाने दिला.

खरी अडचण सातबाऱ्यावर आहे. वाडी आजोबांची, नावे काका-आत्यांची, निम्मी मंडळी मुंबईस. एकाने हरकत घेतली की खोली अडते. ज्या जागेचा भरवसा नाही तीवर कोणता शहाणा तरुण पैसा घालील? आणि खोलीसाठी न होणारे एकमत वाडी विकताना मात्र पुष्कळदा होते!

वाटणी करा, असे आम्ही म्हणत नाही. मालकी सर्वांची राहो. वाडीचा एक कोपरा घरच्या मुलाला वा मुलीला दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावा आणि उत्पन्नातील वाटा आधीच ठरवावा. वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदवावा लागतो; तो खर्च टाळू नये. तोंडी शब्द भाऊबंदकीत टिकत नाही.

तरुणांनी सीमा ओलांडावी, हा उपदेश दरवर्षी होतो. यंदा वडीलधाऱ्यांनी संशयाची सीमा ओलांडावी. आपट्याच्या पानासोबत त्यांची एक सही मुलांच्या हाती पडो, हीच आजच्या दिवशी आमची प्रार्थना.