चौथ्या आठवड्यात फोन करा

शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला भेटून निघताना आपण सगळेच दारात उभं राहून म्हणतो, 'काही लागलं तर सांगा हं, संकोच करू नका.' मनापासून म्हणतो. पण ज्या पिढीच्या बायका आज गुडघे बदलून घेताहेत, त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना काय लागतं तेच पाहिलं. स्वतःला काही लागतं हे बोलून दाखवायची सवय त्यांना नाही. माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा 'काही हवंय का?' या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असे, 'काही नको, तू जेव आधी.' हळूहळू कळलं, की ती पाणी मुद्दाम कमी पीत होती. जास्त प्यायलं तर रात्री उठावं लागेल, म्हणजे कुणाची तरी झोपमोड होणार. दुखणं अगदी असह्य होईपर्यंत गोळीही मागत नसे. वेदनाशामक गोळ्यांनी आधीच बद्धकोष्ठ होतं, त्यात पाणी कमी, म्हणजे हाल.

म्हणून मी विचारणं सोडलं. पाण्याचा पेला भरून हातात द्यायचा. झोपण्याआधी आणि पहाटे 'चल, एकदा जाऊन येऊ' म्हणत वॉकर पुढे करायचा. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, गोळी द्यायची. दुखणं आटोक्यात असलं तरच गुडघा वाकतो, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत तो वाकला नाही तर पुढे फार जड जातं. गोळी न घेता सोसण्यात कसलंही शौर्य नाही, हे आईला पटवायला मात्र बराच वेळ गेला.

एके काळी ही शस्त्रक्रिया मोठ्या लोकांची वाटायची. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना २००० मध्ये त्यांच्या एका आणि २००१ मध्ये दुसऱ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात झाली. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून गुडघेबदल हा विषय घराघरांत पोचला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीला मर्यादा घातली आणि मध्यमवर्गाला तो खर्च थोडा आवाक्यात आला. आता आपल्या सोसायटीत, वाड्यात, नात्यात कुणी ना कुणी वॉकर धरून चालताना दिसतंच. शस्त्रक्रिया घरोघरी पोचली, पण शुश्रूषेच्या आपल्या कल्पना जुन्याच राहिल्या.

आपल्याकडे माया दाखवायची सगळ्यात जवळची रीत म्हणजे पाय चेपून देणं. आईला भेटायला आलेल्या प्रत्येक मावशीचा, आत्याचा हात आपोआप तिच्या पोटरीकडे जायचा. इथे तो हात थांबवावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. सुजलेली पोटरी चोळली, तर गुठळी सुटून फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. पोटरी अचानक जास्त सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर चोळायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनही नाही, सरळ रुग्णालय गाठायचं. ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं, तरी वाट पाहत बसू नये.

दुसरी गोष्ट उशीची. गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली की पेशंटला बरं वाटतं, आणि ठेवणाऱ्यालाही समाधान मिळतं. पण गुडघा वाकलेला राहिला तर पुढे तो पूर्ण सरळ होणं अवघड होतं. उशी ठेवायचीच तर टाचेखाली. हे आमच्या फिजिओथेरपिस्टबाईंनी दाखवलं, तेव्हा आईच्या चेहऱ्यावर स्पष्ट नाराजी होती. तिचं मन वळवायला मी तिच्या शेजारी बसून राहायची, बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून गुडघ्यावर धरायची आणि गावाकडच्या गोष्टी काढायची. गोष्ट संपेपर्यंत पाय सरळ राहायचा.

पथ्याच्या बाबतीत तर प्रत्येक पाहुणा वैद्य होतो. आंबट दिलं की पू धरतो, तूरडाळ नको, भात नको. जखम भरायला प्रथिनं लागतात. वरण, उसळ, दही, अंडी, चालत असेल तर मासे, हे सगळं द्यावं. लिंबू पिळलं म्हणून पू होत नाही. मधुमेह असेल तर सांभाळायची ती साखर, कारण ती वाढली की जखम भरायला वेळ लागतो. भेटायला जाताना पेढे नेण्यापेक्षा मुगाच्या उसळीचा डबा न्यावा, आणि आदल्या दिवशी फोन करून न्यावा, म्हणजे घरातल्या बाईची त्या दिवसाची एक भाजी तरी वाचते.

'तू फक्त पडून राहा' हेही प्रेमानेच म्हटलं जातं. पण गुडघा बदललेल्या माणसाला बहुतेक वेळा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात, ते उगाच नाही. जे तो स्वतः करू शकतो ते त्याच्या हातून काढून घेऊ नये. आईला जमिनीवर बसायची मनाई होती, म्हणून भावाने देवघर टेबलावर मांडलं आणि पुढे खुर्ची ठेवली. त्या दिवसापासून सकाळ तिची झाली. खुर्चीत बसून ती मेथी निवडू लागली, मटार सोलू लागली. स्वयंपाकघरात आपल्याशिवाय सगळं चाललंय ही भावना तिला टाक्यांपेक्षा जास्त टोचत होती, असं मला वाटतं.

अवघड काळ येतो तो नंतर. टाके निघालेले असतात, भेटणारे थांबलेले असतात, सूज मात्र काही महिने राहणार असते आणि रात्री नीट झोप लागत नाही. याच सुमारास माणूस म्हणतो, 'उगाच केलं ऑपरेशन.' अशा वेळी 'अमक्याची आई बघ, महिन्यात जिने चढायला लागली' असं कृपा करून सांगू नका. पूर्ण बरं वाटायला कुणाला सहा महिने लागतात, कुणाला वर्ष. मागच्या सोमवारी गॅलरीपर्यंत जात होतीस, या सोमवारी लिफ्टपर्यंत गेलीस, एवढीच तुलना करावी.

आणि जी व्यक्ती रात्री उठते तिच्याकडे बघा. बहुतेक घरांत मुलगा बिल, विमा आणि औषधं पाहतो. आंघोळ, कपडे, रात्रीचं उठणं सुनेकडे किंवा लेकीकडे. ही वाटणी मला मान्य नाही. आईला मोजे चढवणं, तिच्या पायाची नखं कापणं, बाथरूमच्या दारापर्यंत वॉकरमागे चालणं हे मुलालाही जमतं. जमलंच पाहिजे.

तुमच्या ओळखीत कुणाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर पहिल्या आठवड्यातल्या गर्दीत एक भर घालू नका. चौथ्या आठवड्यात फोन करा आणि 'काही लागलं तर सांगा' याऐवजी 'गुरुवारी दुपारी दोन तास मी बसते, तुम्ही बाहेर जाऊन या' असं सांगा. आणि गुरुवारी खरंच जा.