फेरतपासणी हा हक्क हवा, दंड नव्हे

झाशी शहराच्या पूर्वेस, लक्ष्मी दरवाजाबाहेर, लक्ष्मी ताल पसरलेला आहे. तालाकाठी महालक्ष्मीचे मंदिर आहे आणि जवळच १८५३ साली निवर्तलेल्या गंगाधररावांची, राणी लक्ष्मीबाईने उभारलेली छत्री आहे. मराठी वाचकाच्या मनात ही भूमी इतिहासाची म्हणून वसलेली असते. परंतु या तालाच्या काठाने रोज जी तीनचाकी वाहने धावतात, त्यांच्या चालकांच्या मनात निराळीच चिंता असते. गाडीचे ‘पासिंग’ कधी आहे, आणि त्यात गाडी नापास झाली तर घरात चूल कशी पेटावी, ही ती चिंता होय. आज आम्ही याच वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. प्रवासी वा माल वाहून नेणाऱ्या प्रत्येक वाहनास योग्यता प्रमाणपत्र असले पाहिजे, हे तत्त्व १९३९ च्या मोटार वाहन कायद्यापासून चालत आलेले आहे. त्याची जागा घेणाऱ्या १९८८ च्या कायद्यातील कलम ५६ नुसार, असे प्रमाणपत्र नसलेल्या वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. आठ वर्षांपर्यंतच्या वाहनास हे प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी आणि त्याहून जुन्या वाहनास दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. खाजगी मोटारीच्या मालकास पहिली पंधरा वर्षे या दारात पाऊलही टाकावे लागत नाही. वार्षिक तपासणीचा खरा भार पडतो तो जुन्या वाहनावर पोट भरणाऱ्यावर, आणि नवे वाहन घेण्याची ऐपत नसलेल्याच्याच हाती जुने वाहन असते.

येथे गैरसमज होऊ नये म्हणून एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. वाहनांची काटेकोर तपासणी व्हावी, ही मागणी कष्टकरी जनतेची आहे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशाच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाचाच अहवाल सांगतो. या मृतांत पायी चालणारे, सायकलवरून कामाला जाणारे, मालमोटारीच्या टपावर बसून मजुरीच्या शोधात निघालेले लोक किती असतील, हे बुंदेलखंडातील कोणाही माणसास विचारावे. राष्ट्रीय महामार्ग २७ आणि ४४ झाशीजवळच एकमेकांना छेदतात. तेथून रात्रंदिवस धावणाऱ्या मालमोटारींपैकी एकीचा जरी ब्रेक निकामी असला, तरी त्याची किंमत प्रथम चालक आणि क्लीनर यांनाच मोजावी लागते. तेव्हा तपासणी नको असे म्हणणारा माणूस कामगाराचा मित्र असू शकत नाही.

प्रश्न आहे तो गाडी नापास झाल्यानंतर काय होते, हा. समजा, लक्ष्मी तालाच्या बाजूने भाडी मारणाऱ्या एका चालकाची दहा वर्षांची रिक्षा तपासणीस गेली. पुढच्या दिव्याचा झोत वर जातो आणि मागच्या एका चाकाचा ब्रेक कमी धरतो, म्हणून ती नापास ठरली. दोष खरे आहेत आणि ते दुरुस्त झालेच पाहिजेत. परंतु तपासणीचा दिवस बिनकमाईचा गेला. दुरुस्तीचा दिवसही तसाच जाणार. फेरतपासणीसाठी पुन्हा वेळ घ्यावयाची, पुन्हा शुल्क भरावयाचे आणि तो तिसरा दिवसही बुडवावयाचा. गाडी भाड्याची असेल तर मालकाचे रोजचे भाडे चढत राहते. कर्जाची असेल तर हप्ता थांबत नाही. या मधल्या दिवसांत प्रमाणपत्राशिवाय गाडी रस्त्यावर काढली तर दंड आहेच, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी अंग झटकण्यास टपलेली असते. वाहनाचा एक सुटा भाग नादुरुस्त होतो आणि शिक्षा मात्र संपूर्ण कुटुंबास होते.

या शिक्षेवर सरकारने आणखी एक शिक्षा चढविली. २९ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने, प्रमाणपत्राची मुदत संपल्यानंतरच्या प्रत्येक दिवसास ५० रुपये जादा शुल्क लावण्यात आले. आजारपणामुळे म्हणा, पैशाअभावी म्हणा, दोनशे दिवस ज्याची गाडी उभी राहिली, त्याच्यावर यामुळे १०,००० रुपयांचा बोजा पडतो. गाडी उभी राहण्याचे कारण दारिद्र्य असेल, तर हा दंड दारिद्र्यावरच बसविलेला आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्रात या आकारणीची अंमलबजावणी पुन्हा सुरू होताच रिक्षा-टॅक्सीचालकांनी ठिकठिकाणी आंदोलने केली आणि जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारला तिला स्थगिती जाहीर करणे भाग पडले. संघटित शक्तीपुढे फर्मान मागे सरते, याचे हे ताजे उदाहरण होय. परंतु स्थगिती म्हणजे रद्दबातल नव्हे, हे आपण विसरता कामा नये.

सरकार स्वतःच्या बाबतीत मुदतीकडे कोणत्या दृष्टीने पाहते, तेही तपासून पाहण्यासारखे आहे. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने योग्यता तपासणी स्वयंचलित केंद्रांतून सक्तीची करण्याची तरतूद केली. ५ एप्रिल २०२२ च्या अधिसूचनेने जड वाहनांसाठी १ एप्रिल २०२३ आणि मध्यम व हलक्या वाहनांसाठी १ जून २०२४ या तारखा ठरविल्या. पहिली तारीख उजाडण्यापूर्वीच, पुरेशी केंद्रे तयार नसताना, ती पुढे ढकलून १ ऑक्टोबर २०२४ करण्यात आली. दीड वर्षाच्या या विलंबाबद्दल कोणत्या अधिकाऱ्याने दर दिवशी ५० रुपये भरले? सरकार नापास झाले की त्याला मुदतवाढ मिळते. रिक्षाचालक नापास झाला की त्याला दंड होतो. लक्ष्मी तालाचीच गोष्ट घ्या. त्यात मिसळणाऱ्या सांडपाण्याचा आणि त्याच्या पात्रावरील अतिक्रमणांचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. तालाच्या पाण्याचा दोष दुरुस्त करावयास वर्षे लागतात हे यंत्रणेस समजते. ब्रेकच्या दुरुस्तीसाठी पैसे जमवावयास गरिबास चार आठवडे लागतात, हे मात्र तिला समजत नाही.

तपासणीचे काम सरकारी कार्यालयांत चोख चालत होते, असा दावा आम्ही करणार नाही. ब्रेकच्या चाचणीसाठी २५० मीटर लांबीचा मार्ग आवश्यक असताना महाराष्ट्रातील अनेक परिवहन कार्यालयांपाशी तो नव्हताच. मुंबई उच्च न्यायालयात एका जनहित याचिकेवर सुनावणी होऊन, असा मार्ग नसलेल्या कार्यालयांतील तपासणी थांबविण्याची पाळी २०१७ मध्ये आली, तेव्हा कुठे ही वस्तुस्थिती चव्हाट्यावर आली. वर्षानुवर्षे वाहने कागदावर पास होत होती. जेथे तपासणी कागदावर होते, तेथे दलाल माजतो. ज्याची गाडी निर्दोष आहे त्यालाही तो पैसे मोजावयास लावतो आणि ज्याची सदोष आहे त्यालाही मोकळे सोडतो. त्यामुळे यंत्राने मोजणी व्हावी, रोलरवर चाक फिरवून ब्रेकची पकड आकड्यात दिसावी, धुराचे मोजमाप व्हावे, यास आमचा विरोध नाही. यंत्र लाच मागत नाही. परंतु यंत्र कोणाच्या मालकीचे आहे आणि नापास ठरविण्यात कोणाचा लाभ आहे, हे प्रश्न मात्र विचारलेच पाहिजेत.

सप्टेंबर २०२१ च्या नियमांनी ही केंद्रे चालविण्यास खाजगी कंपन्यांना दरवाजा खुला केला. केंद्राने दुरुस्तीचा वा सुट्या भागांच्या विक्रीचा धंदा करू नये, अशी अट त्या नियमांत आहे आणि ती योग्यच आहे. तथापि, फेरचाचणीचे शुल्क ज्याच्या तिजोरीत जाते, त्याला पहिल्या चाचणीतील नापासांची संख्या वाढल्याने तोटा होत नाही. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या ब्रिटनचा अनुभव याबाबतीत उद्बोधक आहे. तेथे १९६० पासून वाहनांची सक्तीची तपासणी सुरू झाली. नापास झालेले वाहन त्याच केंद्रात दुरुस्तीस ठेवून दहा कामाच्या दिवसांच्या आत पुन्हा तपासले, तर दोषापुरत्या फेरतपासणीस शुल्क पडत नाही. शिवाय तेथे काही नगरपरिषदा स्वतःची तपासणी केंद्रे चालवितात. ती दुरुस्ती करीत नाहीत, म्हणून उगाच नापास करण्यात त्यांना स्वारस्य नसते, आणि सामान्य लोक विश्वासाने तेथे जातात. जे तेथे शक्य झाले ते येथे अशक्य का असावे?

याउलट आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी, फेरचाचणीतही नापास ठरलेले वाहन ‘आयुर्मान संपलेले’ म्हणून घोषित करण्याची तरतूद आणली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वाहने मोडीत काढण्याचे धोरण वाजतगाजत जाहीर झाले. त्यामुळे वाहनोद्योगास नवी मागणी लाभेल, हा लाभही उघडपणे सांगण्यात आला. पाठोपाठ शुल्के भडकली. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील बस वा मालमोटारीच्या योग्यता प्रमाणपत्राचे शुल्क १,५०० रुपयांवरून १२,५०० रुपये ठरविण्यात आले. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील जड वाहनासाठी तो आकडा २५,००० रुपयांवर नेला आणि त्याच वयाच्या तीनचाकीसाठी ७,००० रुपये ठरविले. शेकडो गाड्यांचा ताफा बाळगणारा मालक बँकेच्या कर्जावर नवी वाहने घेऊन या कचाट्यातून सुटतो. एका जुन्या गाडीचा धनी असलेला चालक मात्र गाडी मोडीत घालून दुसऱ्याच्या गाडीवर रोजंदारीने चढतो. सुरक्षिततेच्या नावाने चाललेल्या या व्यवहारात स्वतंत्र कारागीर मजूर बनतो.

सदोष वाहन आणि मेहनती माणूस यांना एकाच मापाने मोजू नये, याचा धडा घेण्यास झाशीबाहेर जाण्याचे कारण नाही. १८९५ पासून झाशीत रेल्वेचा मोठा कारखाना आहे. तेथे मालगाड्यांच्या डब्यांची ठरावीक कालावधीने पूर्ण दुरुस्ती होते. वाटेत दोष आढळलेला डबा ‘सिक’ ठरवून बाजूच्या रुळावर काढतात, कामगार तो दुरुस्त करतात, पुन्हा तपासतात आणि योग्य ठरला की गाडीस जोडतात. डबा ‘सिक’ निघाला म्हणून इंजिनचालकाचा पगार कापला जात नाही, की गार्डकडून रोज ५० रुपये वसूल केले जात नाहीत. तपासणी, दुरुस्ती आणि फेरतपासणी ही एकाच कामाची तीन अंगे मानली जातात, आणि त्यांचा खर्च समाजाच्या गरजेचा खर्च म्हणून धरला जातो. रुळावर जे तत्त्व मान्य आहे, ते डांबरी रस्त्यावर अमान्य का?

या संदर्भात आपल्या साथींनाही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. तपासणीच्या दिवसापुरते उसने टायर चढवावयाचे, दुसऱ्याच्या गाडीचा दिवा लावून न्यावयाचा आणि संध्याकाळी ते परत करून गुळगुळीत टायरवर धंद्यास लागावयाचे, हा प्रकार सर्वांस ठाऊक आहे. त्यामागील अगतिकता आम्ही जाणतो. पण त्याचे समर्थन करता येणार नाही. त्या गाडीत बसणारी शाळकरी मुले आणि दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसे ही आपलीच आहेत. रिक्षा आणि मालमोटार चालकांच्या संघटनांनी निदर्शनांइतकेच महत्त्व या गोष्टीस दिले पाहिजे. तपासणीपूर्वी सभासदांच्या गाड्या जाणत्या मेकॅनिककडून पाहून घेणे, सुटे भाग एकत्रितपणे स्वस्तात आणणे, दुरुस्तीसाठी सहकारी पतपेढीतून लहान कर्जे मिळवून देणे, ही कामे संघटनांच्या आवाक्यातील आहेत. जी संघटना आपल्या सभासदाची गाडी पहिल्या फेरीत पास होईल अशी व्यवस्था करते, तिचा शब्द सरकारपुढे अधिक वजनाने पडतो.

सरकारकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. नापास ठरविताना प्रत्येक दोष, मोजलेला आकडा आणि मान्य मर्यादा यांची चालकास वाचता येईल अशा भाषेत लेखी नोंद द्यावी. तीस दिवसांच्या आत होणारी पहिली फेरतपासणी विनाशुल्क असावी आणि ती केवळ नोंदलेल्या दोषांपुरती असावी. फेरतपासणीची वेळ मिळेपर्यंतच्या दिवसांवर कोणतीही आकारणी होऊ नये, आणि रोजच्या ५० रुपयांची तरतूद मुळातून रद्द व्हावी. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक तपासणी केंद्र सरकारच्या मालकीचे असावे. वाहन मोडीत काढण्याचा निर्णय शुल्काविना अपील करण्याची संधी दिल्याखेरीज होऊ नये. यांपैकी एकही मागणी रस्त्यावरील सुरक्षितता कमी करणारी नाही. उलट, नापास होण्याची धास्ती नाहीशी झाली म्हणजे चालक दोष लपविणार नाही, तो आपण होऊन गाडी तपासणीस आणील.

लक्ष्मी तालाच्या काठावरून उद्या सकाळी पहिली रिक्षा निघेल, तेव्हा तिचा ब्रेक शाबूत असला पाहिजे, यात शंका नाही. तो शाबूत ठेवण्यासाठी तिच्या चालकास आठवडाभर उपाशी राहावे लागू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. हे म्हणणे गावोगावच्या थांब्यांवर, गॅरेजांत आणि परिवहन कार्यालयांच्या रांगांत नेऊन पोचविणे हे आता आपले काम आहे.