पानावर मजुरी

१९८४ साली मार्व्हल कॉमिक्सने आपल्या जुन्या चित्रकारांना त्यांची मूळ चित्रं परत करायचं ठरवलं. त्यासाठी बाकीच्यांकडे सहीला एका पानाचा कागद गेला. जॅक कर्बीकडे चार पानांचा करार आला. चित्रांच्या प्रती काढायच्या नाहीत, ती जाहीरपणे मांडायची नाहीत, कंपनीला हवी तेव्हा हजर करायची आणि हक्कांवरून कुणी कंपनीशी भांडत असेल तर त्याला मदत करायची नाही, अशा त्यातल्या अटी होत्या. एवढं सगळं कबूल केल्यावर त्याला मिळणार होती ८८ पानं. कर्बीने मार्व्हलसाठी काढलेली पानं हजारांत मोजावी लागतात. तो तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता. त्याने सही केली नाही.

कॅप्टन अमेरिका, हल्क, थॉर, एक्स-मेन, ब्लॅक पँथर या मंडळींना आज महाराष्ट्रातली शाळकरी पोरंसुद्धा ओळखतात. त्यांचे टी-शर्ट दादरच्या फुटपाथवर टांगलेले असतात. यांचा बाप कोण, या प्रश्नावर बहुतेक लोक स्टॅन लीचं नाव घेतात, कारण चित्रपटांत क्षणभर डोकावून जाणारा तो हसरा म्हातारा सगळ्यांना आठवतो. कर्बीचे चाहते मग चिडतात, आणि कल्पना कुणाला आधी सुचली यावर पन्नास वर्षं चाललेलं भांडण नव्याने सुरू होतं. या भांडणात फारसं हाती लागत नाही. दोन माणसं एका खोलीत बसून बोलली, त्यातलं कोणतं वाक्य कुणाचं हे आता कोण सांगणार? पण कागद शिल्लक आहे. कागद कुणी भरला, त्याचे पैसे कोणत्या हिशेबाने मिळाले आणि तो शेवटी कुणाच्या कपाटात गेला, हे पाहता येतं. कर्बीचं आयुष्य त्या बाजूने वाचलं तर जास्त कळतं.

त्याचा जन्म २८ ऑगस्ट १९१७ चा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधला. खरं नाव जेकब कुर्ट्झबर्ग. आईबाप ऑस्ट्रियातून आलेले ज्यू, वडील कपड्यांच्या कारखान्यात कामाला. वस्तीत गल्लीविरुद्ध गल्ली मारामाऱ्या चालत आणि बुटका जेकब त्यात हिरिरीने असे. पुढे त्याच्या चित्रांत एक माणूस दहा जणांवर तुटून पडलेला दिसतो, ती कुठे पाहिलेली दृश्यं हे सांगायला नको. चित्रकला तो बहुतांशी स्वतःच शिकला. प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये तो जेमतेम आठवडाभर टिकला. १९३५ च्या सुमारास फ्लाइशर स्टुडिओत पॉपायच्या कार्टूनपटांसाठी दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं भरायचं काम त्याला मिळालं. ओळीने मांडलेली टेबलं, प्रत्येकाने आपला तुकडा करून पुढे सरकवायचा. वडिलांच्याच कारखान्यात आल्यासारखं वाटलं, असं तो नंतर सांगत असे. तिथून तो निघाला आणि कॉमिक्सच्या धंद्यात शिरला. तिथेही मजुरी नगावरच होती, फक्त सदऱ्याच्या जागी पान आलं.

जो सायमन हा त्याचा पहिला मोठा भागीदार. दोघांनी मार्टिन गुडमनच्या टाइमली या प्रकाशनासाठी, म्हणजे पुढच्या मार्व्हलसाठी, कॅप्टन अमेरिका उभा केला. पहिल्या अंकावर तारीख मार्च १९४१ ची असली, तरी तो डिसेंबर १९४० मध्येच विक्रीला आला होता. मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतो आहे. अमेरिका युद्धात उतरायला तेव्हा अजून एक वर्ष होतं आणि देशात हिटलरचे चाहतेही कमी नव्हते. धमक्यांची पत्रं आली, कचेरीला पोलिसांचा पहारा बसला. अंक धडाधड खपला. गुडमनने दोघांना नफ्यात वाटा कबूल केला होता. तो वाटा हिशेबाच्या वहीत कुठेतरी मुरतो आहे हे लक्षात आल्यावर दहा अंकांनंतर ते प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेले. कॅप्टन अमेरिका अर्थातच गुडमनकडे राहिला.

मग कर्बी खरोखरच युद्धावर गेला. ऑगस्ट १९४४ मध्ये तो नॉर्मंडीला उतरला. हा कॉमिक्सवाला चित्रकार आहे हे कळल्यावर त्याच्या अधिकाऱ्याने त्याला सैन्याच्या पुढे जाऊन शत्रूच्या ठाण्यांचे नकाशे काढायला लावलं. चित्रकाराला इतकी धोक्याची कामगिरी क्वचितच मिळाली असेल. हिवाळ्यात हिमदंशाने पाय कापायची वेळ आली होती, ती थोडक्यात टळली. परतल्यावर १९४७ मध्ये सायमन आणि कर्बीने ‘यंग रोमान्स’ काढलं आणि प्रेमकथांच्या कॉमिक्सची एक नवी पेठच उघडली. इथे दोघांनी नफ्यातला निम्मा वाटा आधीच ठरवून घेतला होता. कर्बीला संसार नीट चालवता आला तो याच काळात, हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे. १९५४ मध्ये कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड झाली, सेनेटची चौकशी बसली, धंद्यावर सेन्सॉरची संहिता आली आणि एकामागून एक प्रकाशनं बुडाली. भागीदारी मोडली. घरी बायको रोझ आणि मुलं होती. १९५८ मध्ये कर्बी पुन्हा गुडमनच्या दारात उभा राहिला. तिथे आता संपादक होता गुडमनच्या बायकोचा नातेवाईक, स्टॅन ली.

पुढची बारा वर्षं म्हणजे आजचं सगळं मार्व्हल. नोव्हेंबर १९६१ चा ‘फॅन्टॅस्टिक फोर’, मग १९६२ मध्ये हल्क आणि थॉर, १९६३ मध्ये एक्स-मेन आणि अ‍ॅव्हेंजर्स. ली एकटाच जवळजवळ सगळ्या अंकांचं लेखन बघत होता, म्हणून त्याने एक सोय काढली. पुढे तिलाच ‘मार्व्हल मेथड’ म्हणू लागले. अंकात काय घडणार याबद्दल लेखक आणि चित्रकार थोडा वेळ बोलणार. कधी फोनवर, कधी नुसतंच ‘या वेळी डॉक्टर डूमला आण’ एवढ्यावर. चित्रकार घरी जाऊन वीसेक पानांची आख्खी गोष्ट चित्रांत रचणार. प्रसंग कुठे सुरू करायचा, किती चौकटींत लांबवायचा, कोण कुठून येणार, कोण हरणार, हे सगळं त्यानेच ठरवायचं. कर्बी तर समासात पेन्सिलीने लिहूनही ठेवी, की हा इथे असं म्हणतो आहे, इथे यंत्र बिघडलं आहे. पानं कचेरीत आली की ली त्यावर संवादाचे फुगे भरणार. अंकावर छापून येई : लेखक स्टॅन ली, चित्रं जॅक कर्बी. पैसेही त्याच हिशेबाने. लेखकाच्या पानाचे पैसे लीला, रेखाटनाचे कर्बीला.

या व्यवस्थेत काय होई याचा सगळ्यात बोलका पुरावा १९६६ च्या मार्चमधल्या ‘फॅन्टॅस्टिक फोर’च्या ४८व्या अंकात आहे. ग्रह गिळणारा गॅलॅक्टस पृथ्वीवर येतो, असं दोघांचं ठरलं होतं. पानं आली तेव्हा त्यांत एक चंदेरी उघडा माणूस फळीवर उभा राहून आकाशातून सरकताना दिसला. हा कोण, असं लीने विचारलं. एवढ्या मोठ्या देवाला पुढे धावणारा दूत हवाच, असं कर्बीचं उत्तर. ही हकीकत लीनेच कितीतरी वेळा सांगितली आहे. सिल्व्हर सर्फर म्हणतात तो हाच. दोन वर्षांनी सर्फरची स्वतंत्र मालिका निघाली, तेव्हा ती लीने लिहिली आणि चित्रं दुसऱ्याकडून करून घेतली. कर्बीला विचारलंही नाही.

कर्बीच्या चित्रांत चुका शोधणाऱ्याला त्या भरपूर सापडतील. बोटं चौकोनी, गुडघे ठोकळ्यासारखे, शरीररचना एखाद्या कलाशाळेतल्या मास्तरांना चक्कर आणणारी. त्याची यंत्रं कोणताही इंजिनिअर चालवू शकणार नाही. पण ठोसा मारताना त्याचा माणूस नुसता हात पुढे करत नाही. खांदा, कंबर, मागचा पाय सगळं त्या मुठीच्या मागे धावतं आणि मूठ पानाबाहेर वाचकाच्या नाकासमोर येते. त्याच्या आधीचे नायक चौकटीत उभे असत, याचे चौकटीत मावेनासे झाले. अवकाशातली ऊर्जा दाखवायला त्याने काळ्या गोल ठिपक्यांचे पुंजके वापरले. ते आजही कॉमिक्समध्ये सर्रास दिसतात आणि त्यांना कर्बीचंच नाव आहे. एक्स-मेनच्या पहिल्या अंकातला त्याने काढलेला मॅग्नेटोचा चेहरा रॉय लिख्टेनस्टाइनने त्याच वर्षी कॅनव्हासवर मोठा करून मांडला आणि ती ‘कला’ झाली. मूळ पान तोवर मार्व्हलच्या गोदामात कुठेतरी पडलं होतं.

हे सगळं तो लाँग आयलंडवरच्या घरातल्या तळघरात, बिनखिडकीच्या छोट्या खोलीत करत होता. कच्चं रेखाटन बहुधा नाहीच. पानाच्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करून खालच्या कोपऱ्यापर्यंत जायचं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला हजाराच्या आसपास पानं त्याच्या हातून उतरत होती. हा झपाटा प्रतिभेचा होताच, पण चार मुलांच्या घरखर्चाचाही होता. पानावर मजुरी असली की माणूस पानं मोजतो. कर्बीच्या पेन्सिलीवर शाई फिरवणाऱ्यांनाही हाच नियम लागू होता. ‘थॉर’ची शाई करणारा व्हिन्स कोलेटा वेळ वाचवायला मागच्या गर्दीतली माणसं सरळ खोडरबराने पुसून टाकी. रसिक त्याला अजून शिव्या देतात. त्या शिव्यांतला थोडा वाटा पान-दर ठरवणाऱ्यालाही पोचायला हवा.

लीला यात खलनायक ठरवणं सोपं आहे, पण वाचणाऱ्याला ते पटत नाही. ‘फॅन्टॅस्टिक फोर’मधल्या बेन ग्रिमचा तिरकस विनोद, पात्रांची आपापसातली कुरबुर, वाचकाशी थेट गप्पा मारणारा तो सूर लीचा आहे, आणि मार्व्हल त्या सुरामुळेही खपलं. कर्बी १९७० मध्ये प्रतिस्पर्धी कंपनी डीसीकडे गेला आणि तिथे ‘न्यू गॉड्स’, ‘मिस्टर मिरॅकल’ वगैरे मालिका स्वतः लिहू लागला. कल्पना अफाट होत्या, डार्कसाइडसारखा खलनायक तिथेच जन्मला, पण पात्रं बोलायला लागली की लाकडं आपटल्यासारखा आवाज येतो. १९९० च्या एका मुलाखतीत कर्बी म्हणाला की सगळं आपणच केलं, लीने काहीच लिहिलं नाही. हे खरं नव्हतं. वीस वर्षं नाव डावललं गेलेला माणूस हिशेब चुकता करायला बसला की आकडा थोडा फुगतोच.

डीसीतही त्याला मोकळीक मिळाली ती अर्धीच. ‘जिमी ऑल्सन’मध्ये त्याने काढलेले सुपरमॅनचे चेहरे कंपनीने दुसऱ्या चित्रकारांकडून बदलून घेतले, खपाऊ चेहरा बिघडता कामा नये! १९७५ मध्ये तो मार्व्हलला परतला, तीन वर्षांनी कायमचा बाहेर पडला आणि अ‍ॅनिमेशनमध्ये गेला. पगार आणि वैद्यकीय विमा, या गोष्टी त्याला साठीत मिळाल्या.

याच सुमाराचा एक किस्सा आपल्या वाचकांसाठी खास. रॉजर झेलाझ्नीच्या ‘लॉर्ड ऑफ लाइट’ या कादंबरीत परग्रहावरची माणसं यंत्रांच्या बळावर हिंदू देवदेवता बनून राज्य करतात. तिच्यावरच्या चित्रपटासाठी कर्बीने भव्य मंदिरं, महाल आणि देवांची यंत्रं रेखाटली. चित्रपट झालाच नाही. मात्र त्याची पटकथा आणि ही चित्रं सीआयएच्या हाती लागली. जानेवारी १९८० मध्ये तेहरानमध्ये लपलेल्या सहा अमेरिकन दूतावास-कर्मचाऱ्यांना सिनेमाची जागा बघायला आलेली मंडळी म्हणून बाहेर काढण्यात आलं, ते या कागदांच्या आधाराने, ‘आर्गो’ असं खोटं नाव देऊन. सीआयएने ही गोष्ट १९९७ मध्ये उघड केली. कर्बी ६ फेब्रुवारी १९९४ लाच गेला होता.

ती अडलेली पानं? चित्रकार, लेखक, वाचक सगळ्यांनी आरडाओरडा केल्यावर १९८७ मध्ये मार्व्हलने साधारण एकोणीसशे पानं परत केली. मधल्या काळात गोदामातून कितीतरी पानं पळाली होती आणि कॉमिक्सच्या मेळाव्यांत विकली जात होती. २००९ मध्ये डिस्नेने सुमारे चारशे कोटी डॉलरना मार्व्हल घेण्याचं जाहीर केलं आणि पाठोपाठ कर्बीच्या मुलांनी हक्क परत मागणाऱ्या ४५ नोटिसा धाडल्या. न्यायालयं दोनदा कंपनीच्या बाजूने बोलली. काम कंपनीच्या सांगण्यावरून आणि कंपनीच्या खर्चाने झालं, असं त्यांचं म्हणणं. कागद, पेन्सिल, तळघर सगळं कर्बीचं होतं, हे त्या हिशेबात बसलं नाही. २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालय प्रकरण ऐकायचं की नाही हे ठरवणार त्याच्या काही दिवस आधी, दोन्ही पक्षांनी तडजोड केली. तिचा तपशील बाहेर आला नाही. ‘ब्लॅक पँथर’ने २०१८ मध्ये जगभरात १३० कोटी डॉलरहून अधिक कमावले, तेव्हा श्रेयनामावलीत ली आणि कर्बी अशी दोन्ही नावं होती.

कर्बी पहिल्यांदाच वाचणाऱ्याने ‘फॅन्टॅस्टिक फोर’चे ४८ ते ५० हे अंक घ्यावेत आणि आधी संवादाचे फुगे अजिबात न वाचता पानं उलटावीत. आभाळातून काय येतंय, कोण घाबरलंय, कुणाचं मन पालटतंय, सगळं कळतं. मग पुन्हा पहिल्या पानावर यावं आणि फुगे वाचावेत. तिथे ली भेटतो.