व्यासपूजन आणि शिष्याची धारणा

आज व्यासपूजनाचा दिवस. मनुष्याची धारणाशक्ती उणावली हे ओळखून व्यासांनी एक वेदराशी चतुर्धा विभागला आणि पैल, वैशंपायन, जैमिनी व सुमंतु या शिष्यांस एकेक वेद दिला, ही कथा आपण दरवर्षी ऐकतो. शिष्याची शक्ती पाहून विद्या द्यावी, हा तिचा अर्थ आपल्या किती पाठशाळांत उतरला?

हा प्रश्न परधर्मीयांनाही पडला आहे. इंडोनेशियातील जावा बेटावर ‘पेसान्त्रेन’ नावाची इस्लामी गुरुकुले आहेत. तेथे ‘बांडोंगान’ या रीतीने गुरू अरबी ग्रंथ वाचून अर्थ सांगतो व सारा समुदाय आपापल्या पोथीत टिपणे करतो. ‘सोरोगान’ची रीत निराळी. एकेक शिष्य पोथी घेऊन गुरूसमोर बसतो, स्वतः वाचतो, गुरू चूक सुधारतो. मंदगतीस तेथे लाज नाही, तीव्रबुद्धीस खोळंबा नाही.

अलीकडे त्या देशातील काही धर्मशिक्षक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांच्या १९८३ मधील बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धांताचा आधार घेतात. कोणाची बुद्धी शब्दांत, कोणाची स्वरांत, कोणाची आकृतीत. म्हणून कुराण कोणी कंठातून शिकावे, कोणी सुलेखनातून, नमाज कोणी देहाच्या हालचालींतून. सिद्धांतास पुरेसा पुरावा नाही असे अनेक मानसशास्त्रज्ञ म्हणतात, आणि ‘हा स्वरबुद्धीचा’ अशी चिठ्ठी मुलाच्या कपाळी डकवणे आम्हांसही रुचत नाही. परंतु मूळ विचार इस्लामी परंपरेस नवा नव्हे. चौदाव्या शतकातील इब्न खल्दून यांनी विषय तीन आवर्तनांत, प्रथम स्थूलरूपाने, शिष्याच्या ग्रहणशक्तीप्रमाणे शिकवावा असे सांगितले. कठोर शिक्षेने मूल आळशी व खोटे बोलणारे होते, असेही बजावले.

आपल्याकडे ‘अधिकारभेद’ हा शब्द होताच. शिष्यास पेलेल तेवढे द्यावे, असा त्याचा चांगला अर्थ निघतो. आम्ही मात्र त्याची दाराला कडी केली.

प्रस्तुत लेखकाने एका मुलास विष्णुसहस्रनाम पाठ होईना म्हणून घरी धाडले होते. पुढे तोच त्याच्या कीर्तनात पखवाजावर बसू लागला. आख्यान कोठे वळणार, हे त्या बोटांना बुवांच्या आधी कळे. ते नाममंत्र तालावर शिकवून पाहावेत, हे मात्र तेव्हा सुचले नव्हते.