शांतता करारातून नव्हे, वर्गातून

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत आज जपानी कंपन्यांचे फलक दिसतात आणि निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या कामगारांच्या बोली कानी पडतात. पुणे-नगर महामार्गावरील या गावाने पोटासाठी आलेल्या भारताला सामावून घेतले. परंतु पोटासाठी एकत्र येणे वेगळे आणि मनाने एकत्र येणे वेगळे. हे दुसरे काम कारखान्याचे नव्हे, शाळेचे आहे.

याच पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने देशभर रुजविलेल्या या योजनेच्या पहिल्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीची. ग्रामीण मुलांना उत्तम शिक्षण, हा तिचा हेतू सर्वांस ठाऊक आहे. तिच्यातील दुसरी तरतूद मात्र फारशी चर्चिली जात नाही. नववीतील सुमारे ३० टक्के विद्यार्थी एका वर्षासाठी हिंदी प्रदेशातून अहिंदी प्रदेशात आणि तेथून इकडे पाठवावेत, अशी ती योजना. परमुलखातील मुलाशेजारी वर्षभर एकाच पंक्तीत जेवलेल्या मुलाला राष्ट्रीय एकात्मतेवर व्याख्यान द्यावे लागत नाही.

याची आठवण आज व्हावी, असे दुःख मणिपूरने आपल्यासमोर ठेवले आहे. ३ मे २०२३ रोजी भडकलेल्या मैतेई-कुकी संघर्षात दोनशेहून अधिक माणसे गेली, सुमारे साठ हजार बेघर झाली. कित्येक शाळांच्या इमारतींत निर्वासितांच्या छावण्या उघडाव्या लागल्या. बंदुका शांत करणे हे सुरक्षा दलांचे काम; पण शेजाऱ्याला शत्रू मानत मोठ्या होणाऱ्या पिढीचे काय?

बोस्नियाचे उदाहरण बोलके आहे. १९९५ साली डेटन करार झाला, युद्ध संपले. परंतु काही गावांत बोस्नियाक व क्रोएट मुले एकाच इमारतीत वेगळ्या दारांनी शिरून वेगळा इतिहास शिकत राहिली. ‘एका छपराखाली दोन शाळा’ या नावाने ती व्यवस्था जगभर ओळखली जाते. तोफा थंडावल्या, मने मात्र विभागलेलीच राहिली.

आपल्याकडे याचे उत्तर एका मराठी माणसाने फार पूर्वी शोधले होते. गेल्या शतकात सत्तरीच्या दशकात, फुटीरतेने धगधगणाऱ्या मणिपुरात भय्याजी काणे शिक्षक म्हणून गेले. तेथील नागा मुलांना त्यांनी महाराष्ट्रात शिक्षणासाठी आणले. मुले येथे शिकली, येथील घरांत वावरली आणि आपल्या डोंगरांत परतली. हे परतणे महत्त्वाचे. मुलाला त्याच्या भाषेपासून, आईबापांपासून कायमचे तोडणारे शिक्षण शांतता आणीत नाही. ते नवी जखम करते.

२०२० च्या धोरणात या विचाराला जागा आहे. शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिक्षण आणि सहावी ते आठवीच्या टप्प्यावर भारतीय भाषांची ओळख करून देणारा उपक्रम, या तरतुदी योग्यच आहेत. उणीव आहे ती व्याप्तीची. विद्यार्थी-विनिमयाचा लाभ नवोदयपुरताच का राहावा? जिल्हा परिषदेच्या आणि संस्थांच्या शाळांतील मुलांनाही तो मिळावा. संघर्षग्रस्त जिल्ह्यांना त्यात अग्रक्रम असावा. विस्थापित मुलांचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून वसतिगृहे उभारावीत. आणि मैतेई व कुकी मुले पुन्हा एका बाकावर बसतील, असा दिवस आणण्याची योजना आजच आखावी. तो दिवस लगेच येणार नाही. तोवर दूरच्या एखाद्या वसतिगृहात तरी ती एकमेकांना भेटोत.

यात आपलाही वाटा आहे. सुप्याच्या शाळेत परप्रांतीय कामगाराचे मूल येते, तेव्हा ते मागच्या बाकावर एकटे बसते की आपल्या मुलाच्या डब्यातला घास त्याला मिळतो? धोरणे दिल्लीत लिहिली जातात. ती यशस्वी होतात की नाही, हे मात्र आपल्या गावातल्या वर्गातच ठरते.